कासव दिसलं नाही, तर पैसे परत?

घरची मे महिन्यातली ट्रिप आता कोण ठरवतं, खरं सांगा. बाबा सुट्टीच्या तारखा देतात, आई 'बाथरूम स्वच्छ असलेलं बघ' एवढंच सांगते, आणि बाकीचं सगळं तुमच्या मोबाईलवर होतं. लोकेशन तुम्ही शोधता, रिव्ह्यू तुम्ही वाचता, 'इथे जाऊया ना' म्हणून फॅमिली ग्रुपवर रील तुम्ही टाकता. म्हणून हा लेख तुमच्या आईबाबांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

माझं आजोळ बुरोंडी. दापोलीहून खाली उतरलं की लाडघर, त्याला लागून बुरोंडी आणि पुढे कोळथरे. टेकडीवर अर्धगोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा तुम्ही फोटोत पाहिला असेल, तेच गाव. तिथे मामाच्या तीन खोल्या पर्यटकांना दिलेल्या असतात आणि सुट्टीत त्याचा फोन उचलायचं काम माझ्याकडे. दोन सुट्ट्या हे काम केल्यावर पर्यटकांचे प्रश्न मला पाठ झालेत. एसी आहे का? गाडी बीचवर जाते का? आणि तिसरा, 'कासवाची पिल्लं दिसतील ना नक्की?'

'नक्की' या शब्दाशी माझं भांडण आहे.

आधी कासवाचं वेळापत्रक सांगते, कारण ते बहुतेकांना माहीत नसतं. आपल्या किनाऱ्यावर येतात ती ऑलिव्ह रिडले जातीची. मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूवर चढते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. अंड्यांना ऊब आई देत नाही, वाळू देते. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा वाळूचं तापमान ठरवतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. म्हणजे पिल्लांचा मुख्य हंगाम फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. मेमध्ये उरलीसुरली घरटी असतात, कधी तीही नसतात. आणि तुमची परीक्षा संपते कधी? मेमध्ये.

तर गणित इथेच चुकतं. ज्यांना पिल्लं बघायचीत ती मंडळी पिल्लं समुद्रात गेल्यावर येतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एके काळी तिथे अंडी चोरली जायची, विकली जायची, खाल्ली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी जपायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, त्यावर टोपली ठेवायची, पिल्लं वर आली की सकाळी आणि संध्याकाळी ऊन नसताना त्यांना समुद्राच्या दिशेने सोडायचं. पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभं राहायचं. राहायला हॉटेल नाही, गावातल्या घरांत. जेवायला जे घरात शिजेल ते. पुढे आंजर्ल्यातही असंच काम उभं राहिलं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं, तिचं नाव 'प्रथमा'. आंजर्ल्यातली 'सावनी'. आणि 2025 च्या जानेवारीत दाभोळ खाडीच्या पलीकडे गुहागरला एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायाला 03233 असा बिल्ला होता. तो बिल्ला 2021 मध्ये ओडिशात लावलेला. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येऊन अंडी घालतं, हे त्या बिल्ल्यामुळे कळलं. अभ्यासकही चाट पडले.

आता विचार करा. जे कासव कुठे जाईल हे त्याच्यावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना सांगता येत नाही, ते शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तुमच्यासमोर येईल याची खात्री तीन खोल्यांचा मालक असलेला माझा मामा कशी देणार? पण ती मागितली जाते. एका कुटुंबाने मला फोनवर विचारलं होतं, 'नाही दिसलं तर काही कमी होतील का पैसे?' मी हसले. ते हसले नाहीत.

खात्री मागितली की ती द्यायला कोणीतरी उभं राहतंच, आणि मग प्राण्यांचे हाल सुरू होतात. डॉल्फिनचं तेच झालंय. दापोलीच्या किनाऱ्यावर सकाळी होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. दिसले तर डोळ्यांचं पारणं फिटतं, यात वाद नाही. पण 'डॉल्फिन शंभर टक्के' असं कबूल केलेलं असलं की पाठ दिसल्याबरोबर होडी त्या दिशेला वळते, मागून दुसरी, तिसरी. डॉल्फिनचं जगणं आवाजावर चालतं. आवाजाने तो मासा शोधतो, आवाजाने पिल्लाला हाक मारतो. चार इंजिनांच्या मधे तो काय ऐकणार? होडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्याने इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबायचं ठरवलं, तर होडीतले बारा जण घड्याळ बघायला लागतात. ते बारा जण म्हणजे आपणच. काजव्यांचंही वेगळं नाही. मेअखेरीस सह्याद्रीत काजवे चमकायला लागले की अंधार बघायला आलेल्या गाड्यांचे हेडलाइटच अंधार घालवतात.

बरं, मग मेमध्ये येऊच नका असं म्हणायचंय का? अजिबात नाही. मे महिन्याचे पैसे आले नाहीत तर मामाचा पावसाळा कठीण जातो. माझं म्हणणं एवढंच की मेमध्ये जे असतं ते बघायला या. आणि ते भरपूर असतं. त्यासाठी फक्त सुकती कधी लागते ते माहीत हवं.

सुकती म्हणजे ओहोटी. शहरात राहून आपण हा हिशोब विसरलोय, पण किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो ॲप न उघडता सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे पहाटे साडेपाच-सहाला पाणी सगळ्यात खाली. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी. म्हणजे ट्रिपची तारीख ठरवताना हॉटेलची ऑफर बघता तशी कालनिर्णयमधली तिथीही बघा. पौर्णिमा किंवा अमावस्या, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस. सकाळचं ऊन चढायच्या आत दोन तास तुमचे.

त्या दोन तासांत काय दिसतं? वाळूवर आधी नक्षी दिसेल. बारीक बारीक गोळ्या, मधे एक भोक आणि त्याभोवती सूर्यासारखे किरण. हे काम वाटाण्याएवढ्या खेकड्यांचं. ते ओली वाळू तोंडात घेतात, तिच्यावरचा सूक्ष्म खाऊ काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. सुकती लागल्यापासून भरती परत येईपर्यंत ही सगळी धांदल, मग पाणी येतं आणि पाटी कोरी. पुन्हा सुकतीला पहिल्यापासून. माझा सहा वर्षांचा मावसभाऊ यातल्या एका भोकापाशी पाऊण तास गप्प बसला होता. त्याच्या आईने मला नंतर दोनदा विचारलं, त्याला बरं आहे ना?

खडकाळ भागात पाणी उतरल्यावर डबकी राहतात. त्यात बोटाएवढे मासे, समुद्रफुलं, आणि दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात संसार मांडणारे खेकडे. हा खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, तो तयार मिळावा लागतो. आपण पिशवी भरून शंख-शिंपले घरी आणतो, दोन महिन्यांनी ते शोकेसमधून कचऱ्यात जातात, आणि इकडे कुणाचं तरी घर कमी होतं. फोटो काढा, शंख जागेवर ठेवा. हे वाक्य तुम्ही घरातल्या लहानांना सांगितलंत तर ती पुढे तुम्हालाच ओरडतील, इतकी पटकन त्यांना ते पटतं.

खाडीच्या तोंडाशी कांदळवन. चिखलात पायांवर चालल्यासारखा उड्या मारणारा मासा, निवटी, बघा. मासा असून तो पाण्याबाहेर वावरतो. कांदळाच्या झाडावर शेंगांसारखं लांब काही लोंबताना दिसेल. ती शेंग नाही, झाडावरच रुजलेलं रोप आहे, चिखलात पडायची वाट बघणारं. तिवराच्या पानाला जीभ लावा, खारट लागेल. झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. आणि पांढरी चिपी हा 2020 पासून आपल्या राज्याचा 'राज्य कांदळवन वृक्ष' आहे. तिचं फूल रात्री उमलतं आणि वटवाघळं त्यावर येतात. राज्याचा प्राणी शेकरू, पक्षी हरियाल हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण पाठ केलं, हे राहून गेलं.

मेमध्ये नसतं तेही सांगून ठेवते. हिवाळ्यात किनारा पांढरा करणारे कुरव पक्षी तोवर निघून गेलेले असतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तलावांवर पिल्लं वाढवायला जातात. त्यामुळे मेमध्ये कोणी तुम्हाला 'कुरव शो' विकत असेल तर जपून.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात एक वेगळाच कार्यक्रम असतो, तिकीट नसलेला. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. ओढायला वीस-पंचवीस माणसं लागतात. तिथे कडेला उभं राहून व्हिडिओ काढण्यापेक्षा दोरीला हात लावा. कोणी नाही म्हणत नाही.

याच मच्छीमारांबद्दल आणखी एक. कासव हवेत श्वास घेतं, जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर गुदमरतं. ते सोडवायचं तर जाळं कापावं लागतं. डिसेंबर 2018 पासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित समुद्री प्राणी सोडवताना जाळं कापलं तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. भरपाई मिळायला फोटो, अर्ज, वेळ सगळं लागतं, आणि जाळं मात्र त्याच क्षणी जातं. तरी माणसं कापतात. हे ऐकल्यावर 'गाडी बीचवर जाते का' हा प्रश्न कसा वाटतो, बघा.

हो, आता त्या प्रश्नाकडे येते. गाडी जाते. जाऊ नये, पण जाते. दर सुट्टीत दापोलीच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखादी एसयूव्ही वाळूत रुतते, भरती येते, आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो. आपण हसतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण जी रुतत नाही ती गाडी जास्त नुकसान करते. टायरखाली खेकड्यांची बिळं दबतात. हंगामात वाळूखाली नजरेतून सुटलेलं एखादं घरटं असू शकतं. टायरने पडलेली चाकोरी आपल्याला चार बोटं खोल वाटते, तळहातात मावणाऱ्या पिल्लाला तो खंदक असतो. त्यात ते अडकतं आणि वरून घार येते. रात्रीचे दिवेही तसेच. पिल्लं उजेडाच्या दिशेला जातात, कारण लाखो वर्षं रात्रीचा सगळ्यात उजळ भाग समुद्राकडचा होता. आता तो रिसॉर्टच्या लॉनकडचा असतो.

'मग कायदा काय करतोय?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. इथे एक गंमत आहे. 1971 साली इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही येतं. म्हणजे बुरोंडीचा किनारा, खाडी, कांदळवन हे सगळं त्या अर्थाने पाणथळच. पण आपल्या देशातल्या 2017 च्या पाणथळ नियमांतून किनारा नियमन क्षेत्र वगळलेलं आहे, कारण त्यासाठी वेगळी अधिसूचना आहे. कांदळवनांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा कडक निकाल आहे. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कागद कमी नाहीत. पण नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला गेलात तर फाटक लागतं, पाटी लागते, वाटाड्या भेटतो. तुम्हाला आपोआप कळतं की आपण कुणाच्या तरी घरात आलोय, आवाज आपसूक खाली येतो. इथे फाटक नाही. फक्त रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते. पाटी नसली की माणसं जागेला मैदान समजतात.

मला फाटक नकोय, तेही सांगते. किनारा गावाचा आहे, तिथे तिकीट लावून गावालाच बाहेर उभं करण्यात अर्थ नाही. पण रस्ता संपतो तिथे चार दगड आडवे टाकायला काय लागतं? ग्रामपंचायतीने तिथेच वाहनतळ करावा, पैसे घ्यावेत, दोनशे मीटर सगळ्यांनी चालावं. आजी-आजोबांना चालवत नसेल तर गावातली बैलगाडी आहे. बैलगाडीही वाळूवर जाणारच, मान्य, पण ती भरतीच्या रेषेवर गरागरा फिरून रील बनवत नाही.

यावर मामाचं उत्तर ठरलेलं आहे. 'तू चार दिवस येतेस. गाडी वर ठेवायला सांगितली तर गिऱ्हाईक पुढच्या गावात जाईल.' हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. एकट्या गावाने नियम केला तर ते गाव मरतं. लाडघर, बुरोंडी, कोळथरे, कर्दे, मुरूड सगळ्यांनी मिळून एका सुट्टीपासून केला तर गिऱ्हाईक जाणार कुठे? आणि रेवस-रेडी सागरी महामार्गाचे खाड्यांवरचे पूल झाले की आज आहे त्याहून कितीतरी जास्त गाड्या येणार आहेत. तेव्हा नियम करणं आजच्यापेक्षा अवघड असेल.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाळूवरची बाईक, पाण्यातली स्कूटर, पॅराशूट, हे सगळं ज्याच्याकडे भांडवल आहे त्याचं. ते भांडवल बऱ्याचदा गावाबाहेरचं. याउलट सुकतीला कुठल्या खडकाखाली काय आहे, कुठे पाय घसरतो, पाणी परत फिरलं हे कशावरून ओळखायचं, ही माहिती कुणाकडे आहे? मुळे आणि कालवं काढायला जाणाऱ्या बायकांकडे. वर्षानुवर्षं, वाकून, उन्हात. सकाळच्या दोन तासांसाठी एका कुटुंबाला सुकतीवर फिरवून आणायचं आणि त्याचे पैसे थेट तिच्या हातात, अशी एखादी गोष्ट मेमध्ये का असू नये? वेळासला पाहुणे घराघरांत वाटले गेले म्हणून कासवं गावाची झाली, हे विसरून चालणार नाही. एकाच हॉटेलात सगळे उतरले असते तर बाकीच्या गावाला टोपलीखालच्या अंड्यांचं काय पडलं असतं?

आमच्या शेजारच्या एका काकींना मी हे सुचवलं तर त्या म्हणाल्या, 'खडकावर फिरायचे पैसे कोण देईल गो?' मी म्हटलं, पाण्यावर बसून दहा मिनिटं ओरडायचे लोक पाचशे देतात. त्या बराच वेळ हसत होत्या. पण गेल्या सुट्टीत मामाकडे उतरलेल्या पुण्याच्या एका कुटुंबाला त्या घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्या घरातली मुलगी, तुमच्याच वयाची, चपला हातात घेऊन चालत होती आणि तिचा मोबाईल खोलीतच चार्जिंगला लावलेला होता. काकींनी तीनशे रुपये घेतले आणि नंतर मला म्हणाल्या, कमी मागितले.

तर या वर्षी बुक करताना तीन प्रश्न बदलून विचारा. गाडी कुठपर्यंत न्यायची नाही? रात्री समुद्राकडचे दिवे बंद करता का? आणि आम्ही येऊ तेव्हा सुकती किती वाजता? तिसऱ्याचं उत्तर समोरच्याला देता आलं नाही, तर दुसरं घर शोधा. पिल्लंच बघायची असतील तर मार्चमध्ये एक शनिवार-रविवार काढा, वेळास किंवा आंजर्लं, सबमिशन असलं तरी. तिथे सकाळी दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद. टोपली उचलतात. कधी खाली पंधरा-वीस पिल्लं असतात, कधी नुसती वाळू.